सदऱ्यावरच्या चंद्रकोरी

१

त्या फोटोखालचा सोमवार खोटा होता.

ताईंनी चष्मा काढला, काचा पुसल्या, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि संगणकाच्या पडद्यावरील चित्र मोठे केले. चित्रसंग्रहालयाचे मधले अंगण, एका बाजूस दाट पर्णसंभाराचा वृक्ष आणि त्याच्या छायेत चार माणसे. खुर्चीवर त्या वेळचे संचालक, त्यांच्यामागे भोक पाडलेला पुठ्ठा हाती धरलेला पहारेकरी, डावीकडे संग्रहालयाचे छायाचित्रकार, गळ्यात लाल फितीचा कॅमेरा अडकवून. उजवीकडे उभा होता पांढऱ्या सदऱ्यातला, तोंडभर हसणारा एक तरुण. पानांच्या फटींतून झिरपलेले ऊन त्याच्या सदऱ्यावर सांडले होते. पण त्या कवडशांचा आकार नेहमीसारखा वाटोळा नव्हता. एकूण एक कवडसा कोयत्यासारखा वाकलेला होता. सदऱ्यावर शेकडो चंद्रकोरी उमटल्या होत्या.

सूर्यास ग्रहण लागले असता झाडाखालचा प्रत्येक कवडसा त्या ग्रस्त सूर्याचीच लहानशी प्रतिमा होऊन बसतो. हे दृश्य इतर कोणत्याही दिवशी दिसणे शक्य नाही. आणि त्या वर्षीचे ग्रहण लागले होते बुधवारी. ताईंना त्यासाठी कुठे शोधायला जावे लागले नाही. त्याच बुधवारी सायंकाळी सदऱ्यातल्या त्या तरुणाने त्यांना फोन केला होता.

"ताई, आज सूर्याचं ग्रहण सुटलं आणि माझंही! काम संपलं. किल्ली देऊन टाकली."

तो तरुण म्हणजे ताईंचा धाकटा भाऊ. त्यानंतर तो तसा हसलेला कुणी पाहिला नव्हता.

ताईंनी त्या खोट्या सोमवाराकडे टक लावून पाहिले. वर्षानुवर्षे उरात जपलेला निखारा कुणी फुंकावा तसे त्यांना झाले. दिनांक आपोआप मागे सरकत नाहीत. कुणीतरी ते सरकवले होते.

२

ज्या चित्रावरून सारे घडले, ते एका नावाड्याचे होते. पुरुषभर उंचीचे, जुने, काजळीने झाकोळलेले. चित्रे उजळणे आणि सांधणे हा धाकट्याचा व्यवसाय. कापसाच्या बोळ्याने तीळ तीळ पुढे सरकत त्याने ती काजळी उतरवली आणि अखेरीस चित्रावर वार्निशचा हात दिला. वार्निश वाळेपर्यंत त्या खोलीत कुणी पाऊल टाकायचे नाही, असा संग्रहालयाचा कडक शिरस्ता होता; ओल्या थरावर बसलेला धुळीचा कणही कायमचा रुतून बसतो. खोलीला खिडकी नव्हती. दिवा अखंड जळत असे. माणसाच्या डोळ्याऐवजी तिवईवर बसवलेला एक कॅमेरा ठरावीक अंतराने आपोआप फोटो टिपत असे. दिवस आणि रात्र यांचा भेद नसलेल्या त्या खोलीत आज वार कोणता, हे केवळ त्या कॅमेऱ्याचे घड्याळ जाणत होते.

बुधवारी सायंकाळी धाकट्याने खोलीची किल्ली संग्रहपालबाईंच्या हाती दिली. शुक्रवारी बाईंनी दार उघडले, तेव्हा नावाड्याच्या छातीपासून वल्ह्यापर्यंत कॅनव्हास उभा फाटलेला होता. चौकशी बसली. कॅमेऱ्यातले फोटो पुढे आले. त्या फोटोंत चित्र मंगळवारी सकाळी अखंड होते आणि मंगळवारी दुपारी फाटलेले. मंगळवारी किल्ली होती धाकट्याकडे.

"मी बुधवारी दाराच्या काचेतून पाहिलंय. चित्र धड होतं," असे तो कळवळून सांगत राहिला. माणसाच्या शब्दापेक्षा यंत्राच्या दिनांकाला वजन आले. आपल्या हातून झालेले नुकसान दडवून किल्ली गळ्यात मारणारा भामटा, असा त्याच्या नावाला डाग लागला. मग कोणत्याही संग्रहालयाने त्याला उंबऱ्याशी उभे केले नाही. तो ताईंच्या घरी येऊन राहिला. उजवा हात सदैव खिशात. जेवतानाच तेवढा बाहेर निघे.

ताई मोठमोठ्या फोटोसंग्रहांच्या जाणकार म्हणून नावाजलेल्या होत्या. या संग्रहालयाला आपल्या सहस्रावधी फोटोंचे चुकलेले दिनांक दुरुस्त करून हवे आहेत असे कानी येताच, हातातले मोठे काम सोडून त्या येथे आल्या. आडनाव सासरचे, त्यामुळे त्यांना कुणी ओळखले नाही. कॅमेऱ्याची बॅटरी काढली की घड्याळ भरकटते, आणि मग एका फोल्डरातले सगळे फोटो एकाच हिशेबाने पुढे वा मागे सरकवावे लागतात. संगणकाला सांगायचे, हे सारे इतके सरकव. आणि एका दाबासरशी अवघा इतिहास सरकतो. नावाड्याच्या खोलीतील फोटोंचे फोल्डर याच ढिगात होते. आणि त्या एकसारख्या फोटोंच्या मधोमध, कसा कोण जाणे, ग्रहणाचा हा एकुलता एक फोटो शिरला होता. त्याच्या पोटातली नोंद सांगत होती की तो कॅमेऱ्याने नव्हे, एका फोनने काढला आहे.

दारावर टकटक झाली. संग्रहपालबाई दारात उभ्या होत्या.

"काय मॅडम, काही गडबड सापडली का आमच्या फोटोंत?"

"गडबड तर आहेच," ताई शांतपणे म्हणाल्या. "कुणाची, ते बघतेय."

३

निवृत्त संचालक आपल्या बागेत कात्रीने कुंपण छाटत होते. ताईंनी विषय काढताच कात्री थांबली.

"तो पोरगा? हुशार होता हो. पण पुरावाच समोर आल्यावर मी काय करणार?"

"पुरावा म्हणजे फोटो. त्यांच्या तारखा मागे घेतल्या होत्या, हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं की. कॅमेऱ्याचं घड्याळ दोन दिवस पुढं पळत होतं, म्हणून भिंगबुवांनीच त्या दुरुस्त केल्या."

"त्यांनी स्वतः सांगितलं?"

"तसा निरोप आला होता." संचालक गोंधळले. "कुणी आणला ते आता कसं आठवणार? मला मेलं ते यंत्र कळत नाही. आमच्या सूनबाई म्हणतात, बाबा संगणकाकडे असं बघतात जसं काही तोच यांना चावणार आहे."

भिंगबुवा म्हणजे संग्रहालयाचे छायाचित्रकार. जाड भिंगाच्या चष्म्यावरून पडलेले ते नाव त्यांनी आनंदाने वागवले होते. आता मात्र ताईंचा प्रश्न ऐकताच त्यांचा पारा चढला.

"मी दुरुस्त केल्या? मी? अहो, माझं घड्याळ बरोबर होतं! तीनतीनदा सांगितलं. पण आधीच्या प्रदर्शनात एकदा माझ्या तारखा चुकल्या होत्या ना, त्यावरून सगळ्यांनी माझ्या तोंडावर फेकलं, 'बुवा, तुमचं घड्याळ म्हणजे तुमच्यासारखंच, वाट्टेल तिकडे चालतं.' वर निरोप आला, संचालकांच्या कचेरीतून तारखा सुधारून घेतल्यात. मोठ्या साहेबांपुढं आपली काय टाप?"

"ते म्हणतात, तुम्ही केलं. तुम्ही म्हणता, त्यांनी केलं."

"मग दोघांपैकी एक खोटारडा आहे. आणि तो मी नाही!"

ताईंनी ग्रहणाचा फोटो त्यांच्यापुढे धरला. बुवांचा राग क्षणात विरघळला.

"अरे वा, कुठं मिळाला हा? काय दिवस होता तो! पोराकडून दार उघडून घेतलं, शिरस्ता मोडून नावाड्यापुढचा कॅमेरा सरळ तिवईवरून उचलला आणि अंगणात धावलो. म्हटलं, वार्निश वाळायला वेळ आहे, सूर्य थोडाच थांबणारेय! झाल्यावर नेऊन परत बसवला. घाईत चित्राकडे पाहिलंच नाही; पाहिलं असतं तर चौकशीत सांगितलं नसतं का?"

"हाच तो कॅमेरा? गळ्यातला?"

"हाच. फीत बघा ना, लाल. आपल्या त्या… त्या पोरानंच चिकटवली होती. म्हणे, बुवा, चष्म्याशिवायही सापडेल."

ताईंनी त्या फितीवर क्षणभर बोट ठेवले.

"मग तुम्ही काढलेले ग्रहणाचे फोटो त्या फोल्डरात का नाहीत?"

"ते मी तेव्हाच काढून घेतले. नावाड्याच्या कामात त्यांचा काय संबंध? पुढं कुठं गेले देव जाणे."

"आणि हा जो फोटो आहे, तो कुणाचा? फोनवरचा आहे."

"माझा नाही." बुवांनी छाती पुढे काढली. "फोननं फोटो काढायचा म्हणजे चमच्यानं विहीर उपसायची. मी तर आतच दिसतोय."

ताई तेथेच थबकल्या. फोटोत संचालक होते. बुवा होते. पहारेकरी होता. धाकटा होता. अंगणात त्या दिवशी आणखी एक माणूस असले पाहिजे. आणि ते माणूस फोटोत नव्हते, कारण फोन त्याच्याच हातात होता.

४

संग्रहपालबाईंच्या कक्षात समारंभाची लगबग चालली होती. संग्रहाचे उद्घाटन आणि बाईंची संचालकपदी नेमणूक, दोन्ही एकाच दिवशी होणार होती. संग्रहालयाची वाटचाल दाखवणारे फोटो दिनांकांच्या क्रमाने मोठ्या दालनाच्या भिंतीवर एकामागून एक झळकणार होते. त्यानंतर संग्रहाला कायमचे कुलूप. मग एकही दिनांक हलणार नव्हता.

"एक फोटो विचारायचा होता. समारंभात घ्यावा की नाही, कळेना," ताई साळसूदपणे म्हणाल्या.

बाईंनी पडद्यावर वाकून पाहिले आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अगंबाई! हा तर माझा! मीच काढला होता. ग्रहणाच्या दिवशीचा. काय सुरेख आलाय ना? घ्याच. आणि खाली माझं नाव टाका हं."

"टाकते की. पण हा नावाड्याच्या फोल्डरात कसा आला?"

"माझ्या फोनमधले फोटो आपोआप माझ्या संगणकात जाऊन पडतात. भाच्यानं लावून दिलंय. कुठं पडतात, मला काय कळतंय! पडला असेल तिथं."

"इतका छान फोटो, कुणाला पाठवलात तरी की नाही?"

"छे! पाठवायचा राहूनच गेला. पुढं ते फाटण्याचं प्रकरण झालं, कुणाला उत्साह होता? संगणकातलं सगळं आता पहिल्यांदाच बाहेर दिलंय, तेही तुम्हाला."

"मधल्या काळात दुसऱ्या कुणी संगणक वापरला असेल?"

"माझा संगणक? परवलीचा शब्द माझ्या सावलीलासुद्धा माहीत नाही." बाई हसल्या. "त्या तारखांचं म्हणाल, तर ते घोळ आमच्या भिंगबुवांचे. त्यांनीच मागे त्या सरकवल्या होत्या. भला माणूस, पण डोळे जाड आणि घड्याळ त्याहून जाड."

"अस्सं," ताई म्हणाल्या. त्यांनी फोटोखाली छायाचित्रकार म्हणून बाईंचे नाव लिहिले आणि ते त्यांच्याकडून नीट तपासूनही घेतले. बाईंनी मान डोलावली. आपल्याच हाताने त्या आपल्या गळ्यात काय अडकवून घेत आहेत, याची त्यांना सुतराम कल्पना नव्हती.

५

जेवणे आटोपल्यावर ताईंनी धाकट्याला समोर बसवले.

"नीट ऐक. फोनचं घड्याळ कुणी लावत नाही, ते बाहेरूनच लागतं. त्यामुळे बाईंचा फोटो मुळात बुधवारचाच असणार. आता त्यावर सोमवार आहे. म्हणजे तो तुझ्या नावाड्याच्या फोटोंबरोबर दोन दिवस मागे ओढला गेला. ज्यानं ओढलं त्यानं फोल्डरातलं सगळं एकदम निवडलं. त्या गर्दीत हा एक वेगळा आहे, हे पाहिलंच नाही. आणि फोल्डर होतं बाईंच्या संगणकात. परवलीचा शब्द फक्त त्यांच्याकडे."

"म्हणून काय झालं?" धाकटा पुटपुटला. "कॅमेरा खरंच दोन दिवस पुढं असेल, बाईंनी चांगल्या मनानं दुरुस्त केलं असेल, आणि त्यांचा फोटो चुकून त्यात ओढला गेला असेल. मी चौकशी करणारा असतो तर हेच म्हटलं असतं."

ताईंना बरे वाटले. इतक्या काळानंतर त्याच्या बुद्धीने मान वर काढली होती.

"अगदी बरोबर! मीही तिथंच अडले होते. मग बुवांनी सांगितलं, ग्रहण बघायला त्यांनी तोच कॅमेरा तिवईवरून उचलला. म्हणजे तेवढा वेळ नावाड्याचे फोटो निघालेच नाहीत. ती मोकळी जागा मी शोधली. मिळाली. तिथले फोटोंचे क्रमांकही गायब आहेत. तेच बुवांनी काढून घेतलेले ग्रहणाचे फोटो. आता सांग, ती मोकळी जागा कोणत्या वारी पडते?"

"कोणत्या?"

"सोमवारी. बाईंचा अंगणातला फोटो ज्या वेळेचा, बरोब्बर त्याच वेळी. कॅमेरा खरोखर दोन दिवस पुढं असता, तर मागे घेतल्यावर ती जागा खऱ्या बुधवारवर येऊन बसली असती आणि बाईंचा फोटो एकटा सोमवारी राहिला असता. पण दोन्ही सोमवारी आहेत, जोडीनं. याचा अर्थ मुळात दोन्ही बुधवारी होती. कॅमेऱ्याचं घड्याळ फोनच्या घड्याळाशी जुळत होतं. बुवांचं घड्याळ बरोबर होतं रे! दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतंच."

धाकट्याने डाव्या हाताच्या बोटांवर वार मोजले.

"मग मंगळवार दुपार म्हणजे…"

"गुरुवार दुपार. चित्र गुरुवारी दुपारी फाटलं. मधल्या काही फोटोंत नुसती भिंत दिसते. तिवई कुणीतरी बाजूला फिरवली होती. आणि गुरुवारी किल्ली कुणाकडे होती?"

"बाईंकडे," तो हळूच म्हणाला. मग खिशातला हात किंचित हलला. "ताई, ते चित्र आता कुठं ठेवलंय गं?"

ताईंच्या कानांपर्यंत तो प्रश्न पोचला नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे मोठे दालन, भरलेल्या खुर्च्या आणि उजळलेली भिंत होती.

"ताई, सोड ना आता. झालं ते झालं."

"सोडू? तुझं नाव त्यांनी चारचौघांत मातीत घातलं. चारचौघांतच ते वर येईल, आणि त्या जागी दुसरं जाईल. मी त्यांच्या अंगावर धावून जाणार नाही, ओरडणार नाही. मला तारखा दुरुस्त करायला ठेवलंय. मी तेवढंच करीन."

६

समारंभाच्या दिवशी दालन तुडुंब भरले होते. पहिल्या रांगेत निवृत्त संचालक, त्यांच्या शेजारी ताईंनी आग्रहाने बसवलेले भिंगबुवा, व्यासपीठावर संग्रहपालबाई. दिवे मंदावले. भिंतीवर फोटो येऊ लागले आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात वार व दिनांक उमटू लागला.

ग्रहणाचा फोटो आला तशी टाळी पडली. खाली बाईंचे नाव, कोपऱ्यात बुधवार. बाईंनी नम्रतेने मस्तक लववले.

पुढला फोटो: बुधवार सायंकाळ. नावाडी अखंड.

गुरुवार सकाळ. नावाडी अखंड.

बाईंची मान वर आली. ती तशीच राहिली.

गुरुवार दुपार. नुसती भिंत. त्यानंतर, त्याच दुपारी, छातीपासून वल्ह्यापर्यंत उभा फाटलेला नावाडी.

त्या निःशब्द दालनात एकच खुर्ची करकरली. भिंगबुवा उभे राहिले होते.

"मी सांगत होतो! माझं घड्याळ बरोबर होतं!"

"बसा हो बुवा," मागून कुणी म्हणाले.

"आयुष्यभर बसलोच! आता नाही बसत! त्या ग्रहणाच्या फोटोत माझ्या गळ्यात हाच कॅमेरा आहे. तेवढा वेळ नावाड्याचे फोटो बंद, तेही बुधवारीच! मग हा गुरुवारही खराच की!"

निवृत्त संचालक सावकाश उठले.

"बाई, बुधवारी संध्याकाळी मी समोर उभा होतो. किल्ली तुम्ही घेतलीत. गुरुवारी ती कुणाकडे होती?"

"फोटो बंद करा," बाई म्हणाल्या. "कुणीतरी तारखांशी खेळ केलाय. बंद करा म्हणते ना!"

भिंतीवरचा फाटलेला नावाडी हलला नाही. ताईंनी त्या एका फोटोला इतरांपेक्षा बराच अधिक वेळ देऊन ठेवला होता.

"तारखा दुरुस्त करायला तुम्हीच मला बोलावलंत," ताई मागच्या रांगेतून म्हणाल्या. "कुठल्या चुकल्यात ते सांगा. ग्रहणाच्या फोटोवर तुमचंच नाव आहे. तोही परत सोमवारपर्यंत मागे सरकवू का? मग सूर्यालाही तसं कळवावं लागेल."

कुणीतरी हसले; ते हसू दालनभर फुटले आणि लगेच विझले. बाईंची नेमणूक त्या दिवशी जाहीर झाली नाही. पुढे कधीच झाली नाही.

दालन रिकामे झाल्यावर बाईंनी ताईंना बाहेरच्या मार्गिकेत गाठले.

"एक पाहुणे आले होते… मोठे गृहस्थ. त्यांना घाई होती. म्हटलं, क्षणभर दाखवावं. चित्र उजेडाकडे वळवताना तिवईचा पाय घुसला. मग घाबरून तारखा सरकवल्या, दोघांकडे दोन निरोप धाडले. मला कुणाचं वाईट करायचं नव्हतं हो. पण तुम्ही कोण? तुम्हाला यात काय मिळालं?"

"सदऱ्यावर चंद्रकोरी होत्या ना, त्या मुलाची मी बहीण."

बाई एक पाऊल पुढे आल्या. "संग्रहाला अजून कुलूप लागलं नाहीये. जुन्या तारखा परत घाला. मी त्याला कामावर घेते, म्हणाल ते करते."

"फोटो सरकवण्याआधी संगणक दरवेळी विचारतो, 'खात्री आहे का?'" ताई म्हणाल्या. "त्या दिवशी तुम्ही हो म्हटलंत. मी आज म्हटलं. कुलूप लागलंय, बाई. मीच लावून आलेय."

आणि मागे वळून न पाहता त्या पायऱ्या उतरल्या.

७

घरी धाकटा खिडकीशी बसला होता. ताईंनी त्याला सारे सांगितले. दालनातली शांतता, बुवांची आरोळी, बाईंचा उतरलेला चेहरा. एकेक तपशील त्या चवीने, घोळवून सांगत होत्या. इतकी वर्षे ज्या क्षणासाठी जीव धरून ठेवला, त्याचा कण न् कण त्याच्या पदरात टाकावा असे त्यांना झाले होते.

तो ऐकत राहिला. बाईंचे पुढे काय झाले, हे त्याने विचारले नाही. आपल्या नावाचे काय, हेही विचारले नाही.

"आणि नावाडी?" तो म्हणाला.

"कोण नावाडी?"

"चित्र, ताई. इतके दिवस तसंच फाटलेलं पडलंय का? कडा वाकल्या असतील, रंग गळत असेल. ते सांधतंय कोण?"

ताईंनी तोंड उघडले आणि त्यांच्या ध्यानात आले की इतक्या वर्षांत, इतक्या सुडाच्या विचारांत, हा प्रश्न त्यांना एकदाही पडला नव्हता.

"कुणीच नसेल," त्या म्हणाल्या.

धाकट्याने उजवा हात खिशातून काढला, उजेडात धरला आणि त्याची बोटे थरथरतात का, ते पाहू लागला.